आम्ही उंदीर मोजत होतो, फटी मोजत नव्हतो

रात्री दीडच्या सुमारास स्वयंपाकघरातून खुडबुड ऐकू आली, तेव्हा ती घरातल्या प्रत्येकाने ऐकली होती आणि दुसरे कोणीतरी उठेल या आशेने प्रत्येकाने कूस बदलली होती, हे सकाळी उघड झाले. ओट्याखालच्या फडताळातील पिठाच्या पिशवीला कोपऱ्यात भोक पडले होते आणि खाली सांडलेल्या पिठाभोवती काळ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या विखुरल्या होत्या. ‘घरात एक उंदीर शिरला आहे,’ असे मी जाहीर केले आणि त्याच दिवशी एक पिंजरा आणला. पुढचे अकरा आठवडे आमच्या घरात जे काही घडले, ते या वाक्यातल्या ‘एक’ या शब्दामुळे घडले.

पहिला उंदीर तिसऱ्या रात्री सापडला. दुसरा त्यानंतर पाच दिवसांनी, तिसरा आणखी चार दिवसांनी. मी एका वहीत तारखा लिहून ठेवू लागले आणि प्रत्येक नोंदीबरोबर मला थोडा अभिमानही वाटू लागला. अकराव्या आठवड्याच्या अखेरीस वहीत सतरा उंदरांची नोंद होती आणि पिठाच्या नव्या पिशवीला नवे भोक होते. माझा धाकटा भाऊ वही चाळत म्हणाला, “ताई, आपण उंदीर पकडतोय की त्यांची शिरगणती करतोय?” मला राग आला, परंतु त्या रात्री मी बसून हिशेब केला आणि राग ओसरला.

हिशेब असा होता. घरउंदराच्या मादीचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असतो, एका वेतात सामान्यतः पाच ते आठ पिले होतात आणि व्यायल्यानंतर एखाद्या दिवसातच ती पुन्हा गाभण राहू शकते. पिले सहा ते आठ आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. आमचा पिंजरा साडेचार दिवसांना एक उंदीर पकडत होता, म्हणजे तीन आठवड्यांत चार किंवा पाच. तेवढ्याच काळात एकच मादी सहा पिलांना जन्म देऊ शकत होती. याचा अर्थ सतरा उंदीर पकडूनही आम्ही जन्मदराच्या मागेच होतो, आणि बाहेरून आत येणाऱ्यांचा हिशेब तर मी त्यात धरलाच नव्हता. लेंड्यांवरूनही संख्येचा अंदाज करता येत नाही, कारण एकटा उंदीर दिवसाला ५० ते ८० लेंड्या टाकतो. त्यामुळे फडताळात मूठभर लेंड्या दिसल्या म्हणून दहा उंदीर असतीलच असे नाही, आणि एकच दिसला म्हणून एकच असेल असेही नाही.

त्याआधी एक गोष्ट पक्की करणे आवश्यक असते, ती म्हणजे घरात नेमका कोण आला आहे. घरउंदराचे वजन सुमारे २० ग्रॅम असते, शरीर सात ते दहा सेंटिमीटर लांब आणि शेपटी जवळजवळ तेवढीच. त्याची लेंडी तीन ते सहा मिलिमीटरची असते. लेंडी दीड-दोन सेंटिमीटरची असेल, तर तो मोठ्या जातीचा उंदीर आहे आणि त्याच्याशी वागण्याची रीत वेगळी आहे. लांब सोंडेसारखे नाक असलेली, भिंतीच्या कडेने चिकचिक करत धावणारी चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. ती प्रामुख्याने किडे खाते आणि तिच्यासाठी धान्याच्या आमिषाचा सापळा लावून बसण्यात फारसा अर्थ नाही. घरउंदराचा माणसाशी संबंध शेतीहूनही जुना आहे, असे पुरातत्त्वीय अवशेषांवरून दिसते: पूर्व भूमध्य प्रदेशात सुमारे १५,००० वर्षांपूर्वी शिकार करून व रानातले धान्य गोळा करून जगणारी माणसे एका जागी जास्त काळ राहू लागली, तेव्हाच हा प्राणी त्यांच्या वस्तीत मुक्कामाला आला. आपल्या घराशी त्याने इतके जुळवून घेतले आहे की घर कोणासाठी बांधले, असा प्रश्न कधीकधी पडावा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. घरउंदराला आत येण्यासाठी सहा मिलिमीटरची फट पुरते. साधी शिसपेन्सिल आत जात असेल, तर तिथून उंदराचे पिलू निश्चित जाईल आणि प्रौढही बहुधा जाईल, असे समजून चालावे. उंदराला हाडेच नसतात, असे माझी आई सांगत असे. ते खरे नाही, परंतु तिने जे पाहिले होते ते खरे होते. त्याच्या शरीरातील सर्वांत न दबणारा भाग म्हणजे कवटी. ती फटीतून गेली की उरलेले लवचीक शरीर तो मागून ओढून घेतो. खडबडीत भिंत, वायर आणि नळ यांवरून तो सहज चढतो आणि उभ्या जागी तीसेक सेंटिमीटर उंच उडी मारतो. त्यामुळे ‘इतक्या वर कसा जाईल’ आणि ‘एवढ्याशा भोकातून कसा येईल’ ही दोन वाक्ये आम्ही घरात बोलायचीच नाहीत, असे ठरवले.

एका रविवारी दुपारी आम्ही सगळे दिवे बंद केले, पडदे ओढले आणि भाऊ प्रखर विजेरी घेऊन घराबाहेरून भिंतीच्या कडेकडेने फिरू लागला. मी आत अंधारात जमिनीवर पालथी पडून प्रकाश कुठून झिरपतो ते पाहत होते. ही कल्पना फार हुशारीची आहे असा माझा दावा नाही, मात्र आमच्या घराविषयी मला गेल्या अनेक वर्षांत जेवढे कळले नव्हते, तेवढे त्या तासाभरात कळले. सिंकखाली पाण्याचा नळ भिंतीत शिरतो तिथे नळापेक्षा दुप्पट मोठे भोक होते आणि त्यावर केवळ शोभेची चकती सैल बसवलेली होती. मागच्या दाराच्या खाली एका टोकाला बोट जाईल एवढी फट होती. वातानुकूलन यंत्राची नळी, इंटरनेटची केबल, न्हाणीघरातील तुटलेली जाळी, खिडकीच्या चौकटीखालचा निखळलेला गिलावा, अशा एकूण नऊ जागा वहीत उतरल्या. जी फट उंदीर नेहमी वापरतो तिच्या कडेला त्याच्या अंगाच्या तेलकट मळाचा काळपट डाग पडतो आणि जवळपास लेंड्या असतात. नऊपैकी तीन ठिकाणी असे डाग होते. सतरा उंदरांच्या नोंदींसमोरच्या पानावर या नऊ फटींची यादी लिहिताना मला जरा लाजल्यासारखे झाले.

फट बुजवणे हे काम दिसायला क्षुल्लक आहे, आणि म्हणूनच ते बहुतेक वेळा वाईट केले जाते. आम्हीही पहिल्यांदा तसेच केले. फवाऱ्याच्या डब्यातून निघणारा आणि फुगून घट्ट होणारा फोम सगळ्या भोकांत भरला आणि समाधानाने झोपलो. चौथ्या दिवशी सिंकखाली पिवळसर भुसा पडला होता आणि फोममधून एक व्यवस्थित गोल बोगदा गेला होता. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि त्यांच्या पुढच्या बाजूला कठीण दंतवल्काचा थर असतो, त्यामुळे लाकूड, प्लास्टिक, रबर, फोम, एवढेच नव्हे तर कच्चा गिलावाही तो कुरतडू शकतो. त्याला अडवते ते पोलाद, नीट मुरलेले सिमेंट, काच आणि बारीक विणीची धातूची जाळी. त्यामुळे दुसऱ्या खेपेस आम्ही भोकात आधी स्टेनलेस स्टीलचा काथ्या घट्ट कोंबला आणि त्यावर सिमेंट लिंपले. हा काथ्या साध्या लोखंडाचा घेऊ नये, कारण ओलसर जागी तो काही महिन्यांत गंजून चुरा होतो. तांब्याची जाळी मिळाली तर तीही उत्तम. हवेसाठी जी जागा उघडी ठेवणे आवश्यक आहे, तिथे सहा मिलिमीटरपेक्षा लहान छिद्रांची धातूची जाळी स्क्रूने बसवावी, नुसती चिकटवू नये. दाराखालच्या फटीसाठी रबरी पट्टी पुरत नाही. तिला बाहेरून पत्र्याची कड असावी लागते.

येथे एक पेच आहे. बाहेरून सर्व वाटा बंद केल्या आणि उंदीर आतच राहिले, तर ते नव्या वाटा कुरतडू लागतात. उलट वाटा उघड्या ठेवून नुसते पकडत राहिले, तर आमच्यासारखी वही भरत जाते. आम्ही काढलेला मार्ग असा: आधी दोन रात्री सापळे आमिष लावून, परंतु स्प्रिंग न ताणता ठेवले, म्हणजे उंदरांना तिथे येऊन खाण्याची सवय झाली, तिसऱ्या दिवशी दिवसाउजेडी सगळ्या फटी बुजवल्या आणि त्याच रात्री सापळे ताणले.

सापळ्यांच्या बाबतीत माझी सर्वांत मोठी चूक संख्येची होती. एका उंदरासाठी एक पिंजरा, हे गणित शाळेत बरोबर ठरेल, घरात नाही. उंदीर रात्रभरात साधारण तीन ग्रॅम अन्न खातो, पण ते एका जागी बसून खात नाही. वीस-तीस जागी थोडे थोडे कुरतडत हिंडतो. तो बहुधा आपल्या घरट्यापासून तीन ते दहा मीटरच्या आतच वावरतो, आणि मोकळ्या मैदानातून जाण्याऐवजी भिंतीला मिशा घासत धावतो. म्हणून खोलीच्या मध्यभागी ठेवलेला सापळा केवळ आपल्याच पायाखाली येतो. सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीला टेकवून ठेवावा, दोन सापळ्यांत दोन-तीन मीटरपेक्षा अधिक अंतर नसावे आणि एकाच रात्री शक्य तितके लावावेत. आम्ही आठ लावले. आमिष वाटाण्याएवढेच पुरे. मोठा तुकडा ठेवला तर तो कडेने खाऊन सुखरूप परततो. दाणे वाटून केलेला तेलकट गोळा खटक्याला चोपडला, तर तो त्याला चाटून काढावा लागतो आणि खटका दाबला जातो. मादी घरट्यासाठी साहित्य शोधत असेल तर दोऱ्याने बांधलेला कापसाचा बोळाही चालतो. आमची एक मादी कापसानेच पकडली गेली. घरउंदीर नव्या वस्तूकडे कुतूहलाने येतो, त्यामुळे नीट जागी ठेवलेल्या सापळ्यात दोन-तीन रात्रींत काहीच सापडले नाही, तर जागा बदलावी. मोठ्या जातीचा उंदीर याच्या अगदी उलट, नव्या वस्तूपासून कित्येक दिवस दूर राहणारा असतो आणि त्याच्यासाठी सापळा हलवणे हीच चूक ठरते.

लाकडी फळीवर स्प्रिंग आणि तारेची दांडी असलेला हा सापळा अमेरिकेत विल्यम हूकर यांनी १८९४ मध्ये पेटंट केला, आणि ब्रिटनमध्ये जेम्स हेन्री ॲटकिन्सन यांनी त्याच दशकाच्या अखेरीस आपला सापळा आणला. त्यानंतर उंदीर पकडण्याच्या हजारो युक्त्यांना पेटंटे मिळाली, तरी दुकानात आजही बहुतांशी हीच फळी मिळते. चांगल्या प्रतीचा सापळा मानेवर बसतो आणि क्षणात मारतो. ज्यांना मारायचे नसेल त्यांच्यासाठी जिवंत पकडणारा पिंजरा आहेच, परंतु तो सकाळ-संध्याकाळ पाहणे बंधनकारक मानावे, कारण एवढा लहान जीव थंडीने, तहानेने किंवा केवळ धास्तीने आत मरून पडतो. शिवाय जवळच सोडलेला उंदीर परत येऊ शकतो आणि दूर अनोळखी जागी सोडलेल्याला ना आडोसा माहीत असतो ना अन्न. आम्ही पहिले सतरा असेच सोडले होते. त्यांतले काही त्याच वहीत दोनदा नोंदले गेले असावेत, अशी मला दाट शंका आहे.

त्या अकरा आठवड्यांत आम्ही आणखीही काही उद्योग केले, ते सांगितले पाहिजेत. गोंदाचा कागद एकदाच लावला. त्यावर चिकटलेला उंदीर पहाटेपर्यंत ज्या आवाजात ओरडत होता, तो ऐकल्यावर उरलेले कागद मी न वापरता टाकून दिले. इंग्लंडमध्ये परवान्याशिवाय असा सापळा लावणे ३१ जुलै २०२४ पासून गुन्हा ठरले आहे, आणि तो आवाज ऐकलेल्या कोणालाही त्याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. अतिउच्च ध्वनी काढणारे, भिंतीतल्या सॉकेटला लावायचे यंत्रही आणले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या ६० हून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना, आपले दावे शास्त्रीय पुराव्याने सिद्ध करता आले पाहिजेत, असे बजावले होते. तो ध्वनी भिंत वा कपाट भेदून जात नाही आणि उंदरांना त्याची लवकर सवय होते. आमच्या उंदराने त्या यंत्राच्याच वायरचे आवरण कुरतडले. पुदिन्याचे तेल आणि डांबरगोळ्या यांनी उंदीर गेले नाहीत, पाहुणे मात्र लवकर उठून गेले. शेजाऱ्यांचे मांजर दोन रात्री पाहुणे म्हणून आणले होते, तेही सोफ्यावर झोपून परतले.

विषाबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे. आज उंदरांसाठी मिळणारी बहुतेक विषे रक्त गोठू न देणारी असतात. या कुळाची सुरुवात कुजलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागल्यापासून झाली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातील कारणीभूत द्रव्य वेगळे केले, त्यावरून वॉरफरिन तयार झाले आणि १९४८ मध्ये ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. पुढे तेच माणसांसाठी रक्त पातळ ठेवणारे औषधही झाले. या विषाचा गुण आणि दोष एकच आहे: ते सावकाश काम करते. खाल्ल्यानंतर काही दिवसांनी मृत्यू येत असल्यामुळे उंदराला आमिषाचा संशय येत नाही. आणि त्याच कारणाने तो कुठे मरेल यावर आपला काहीही ताबा राहत नाही. ‘हे खाल्ले की त्याला तहान लागते आणि तो बाहेर जाऊन मरतो,’ असे आम्हाला खात्रीने सांगण्यात आले होते. आमचा उंदीर बाहेर गेला नाही. तो ओट्यामागच्या पोकळीत मेला, आणि पुढचे दहा-बारा दिवस आम्ही जेवायला बाहेरच्या खोलीत बसत होतो. याखेरीज काही ठिकाणच्या उंदरांमध्ये जुन्या विषांना न जुमानण्याची आनुवंशिक क्षमता आली आहे, आणि नव्या, अधिक तीव्र विषांचा अंश मेलेल्या उंदरातून घुबड, मांजर व कुत्र्यापर्यंत पोहोचतो. पाळीव प्राण्याने किंवा मुलाने असे काही खाल्ल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता विषाचे वेष्टन घेऊन ताबडतोब डॉक्टरकडे जावे. रक्त गोठू न देणाऱ्या विषावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, परंतु लक्षणे दिसायला काही दिवस लागतात. झिंक फॉस्फाइडची काळी पूड याहून वेगळी असून पोटातील आम्लाशी संयोग होताच तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. तिच्यावर असा उतारा नाही. ती राहत्या घरात आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सापळे ताणल्यानंतरच्या चार रात्रींत सहा उंदीर सापडले. पाचव्या दिवशी आम्ही फ्रिज पुढे ओढला, तेव्हा त्याच्या मागे, मोटरच्या उबेत, वर्तमानपत्राच्या आणि माझ्या हरवलेल्या लोकरी मोज्याच्या चिंध्यांचे घरटे मिळाले. घरटे रिकामे होते. ते पिठापासून जेमतेम अडीच मीटरवर होते आणि आम्ही अकरा आठवडे ते बागेत शोधत होतो.

साफसफाईत एक चूक जवळजवळ सर्वजण करतात, ती म्हणजे झाडू. वाळलेल्या लेंड्या आणि मूत्र झाडल्याने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने ओढल्याने त्यांची धूळ हवेत उडते आणि श्वासावाटे आत जाते. उंदरांच्या मलमूत्रातून साल्मोनेला आणि लेप्टोस्पायरासारखे जीवाणू पसरू शकतात. घरउंदीर ज्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा वाहक असतो, तो गर्भवतीच्या बाळाला गंभीर इजा करू शकतो, त्यामुळे हे काम घरातील गर्भवती स्त्रीने अजिबात करू नये. आधी अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवाव्यात, रबरी हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ताजे मिश्रण करून लेंड्या व घरटे पूर्ण भिजवावे, पाच मिनिटे थांबावे आणि मग कागदाने टिपून पिशवीत बांधून टाकावे. हे मिश्रण दुसऱ्या कोणत्याही सफाईच्या द्रवात ओतू नये, त्यातून विषारी वायू निघू शकतात. कुरतडलेले अन्न चाळून वापरण्याचा मोह आवरावा. धान्य आणि पीठ आता आमच्याकडे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत असते, तसेच भावाच्या कुत्र्याची रात्रभर भरून ठेवलेली थाळीही उचलली जाते. ती थाळी त्या सहा जणांचे मुख्य जेवण होती, असा माझा अंदाज आहे. गळका नळ मात्र केवळ उंदरांसाठी दुरुस्त करून उपयोग होत नाही, कारण अन्नातील ओलाव्यावरही घरउंदराचे बरेचसे भागते.

उंदीर गेले हे कसे ठरवायचे, हा प्रश्न शेवटी उरला. सापळा रिकामा राहणे हा पुरावा नव्हे. आम्ही बुजवलेल्या फटींपुढे, फ्रिजमागे आणि सिंकखाली फरशीवर टाल्कम पावडरचे पातळ पट्टे पसरले आणि रोज सकाळी वाकून पाहू लागलो. दुसऱ्या सकाळी सिंकखाली चार-चार नखांचे बारीक ठसे आणि मधून गेलेली शेपटीची रेघ दिसली. पुन्हा विजेरी काढली, तेव्हा लक्षात आले की सांडपाण्याच्या नळीभोवतीची फट आमच्या यादीतच नव्हती, कारण ती फडताळाच्या मागच्या फळीआड होती. वहीत दहावी नोंद झाली, काथ्या आणि सिमेंट झाले, त्या रात्री आणखी एक उंदीर सापडला आणि पावडरचा पट्टा नव्याने पसरला गेला. त्यानंतर चौदा सकाळी मी तो तपासला. चौदाव्या दिवशी त्यावर एकच माग होता, तो झुरळाचा. त्याच्यासाठी भावाने नवी वही काढली आहे.